बहीण गावात मस्त पळते, भरतीच्या ग्राउंडवर मात्र पाय गळतात. काय करावं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. बहीण २२ वर्षांची, गाव नागपूर जिल्ह्यातल्या कुहीकडचं, पोलीस शिपाई भरतीची तयारी करते, रोज सकाळी गावच्या रस्त्यावर ८०० मीटर २ मिनिट ५५ सेकंदात मारते, पण मागच्या भरतीला नागपूरच्या ग्राउंडवर शेवटी शेवटी चालतच गेली, टायमिंग साडेतीन मिनिटांच्या वर, आदल्या रात्री झोप नाही, सकाळी उलटी, आणि आता पुन्हा ग्राउंड, म्हणजे मैदानी परीक्षा, महिन्यावर आलं तर आतापासूनच जेवण कमी झालंय. तू विचारलंस की तिला धीर कसा देऊ. वयानं लहान आहेस म्हणून तू म्हणतो, राग मानू नको. मी नागपुरात भरतीच्या पोट्ट्यापोट्ट्यांचं ग्राउंड बरीच वर्षं घेतोय, त्यातून जे दिसलं ते सांगतो.

सगळ्यात आधी धीर देणं बंद कर. खरंच सांगतो. घरात दिवसातून चार वेळा कोणीतरी "घाबरू नको गा, होते सगळं" म्हणत असेल तर चार वेळा तिला आठवण होते की घाबरण्यासारखं काहीतरी येतंय. आणि "होते सगळं" यावर तिचा विश्वास काहून बसावा, मागच्या वेळी झालं नाही ना. तिला धीर नको आहे, तिला मागच्या वेळी नेमकं काय बिघडलं ते कळायला पाहिजे. आत्ता तिच्या डोक्यात एवढंच आहे की "मी घाबरले म्हणून मेले". हे अर्धंच खरं आहे.

तिला आज संध्याकाळी एक प्रश्न विचार. मागच्या वेळी पहिला अर्धा राऊंड, म्हणजे २०० मीटर, झाला तेव्हा तुझ्यापुढे किती पोरी होत्या? मी पैजेवर सांगतो ती म्हणेल दोघीतिघी, नाहीतर म्हणेल मीच पुढे होते. इथंच सगळा घोळ आहे. २:५५ म्हणजे दर २०० मीटरला साधारण ४४ सेकंद. ग्राउंडवर शिट्टी वाजली की घाबरलेली पोरगी पहिले २०० मीटर ३६-३७ सेकंदात काढते, कारण बाजूच्या सगळ्या सुटलेल्या असतात आणि अंगात इतकं भरलेलं असतं की ते ३६ सेकंद तिला हलके वाटतात. ३६ सेकंदांनी २०० म्हणजे २:२४ च्या स्पीडनं सुरुवात झाली बाप्पा! तेवढा दम तिच्यात नाहीच, कोणाच्याच नसतो त्या लेव्हलला. मग ५०० मीटरवर पाय दगड होतात, श्वास पुरत नाही, मागच्या पोरी एकेक करून पुढे जातात, आणि तिला वाटतं भीतीनं पाय गळले. भीतीनं पाय गळत नाहीत, भीतीनं पाय जास्त पळतात, आणि त्याचं बिल दुसऱ्या राऊंडला येतं. हे एकदा तिला आकड्यांत दाखव. कागदावर ४४-४४-४४-४४ लिही आणि खाली ३६-४२-६०-७५ लिही. खालची बेरीज २१३ होते, म्हणजे ३ मिनिट ३३ सेकंद. बघ तिचा चेहरा कसा बदलतो ते. कारण "मी भित्री आहे" यावर काही उपाय नसतो, "मी पहिले २०० फास्ट मारले" यावर असतो.

अजून एक, हे ऐकायला बरं वाटणार नाही पण बोलतो. गावच्या रस्त्यावरचे ८०० मीटर खरंच ८०० आहेत का? बऱ्याच जणांनी गाडीच्या मीटरवर नाहीतर मोबाईलवर मोजलेले असतात आणि मोबाईलचं जीपीएस इतक्या कमी अंतराला सहज चुकतं. मला ७५० मीटरचे ८०० पळणाऱ्या कितीतरी पोरी भेटल्यात, टायमिंग बघून घरचे खूश, आणि ग्राउंडवर दहा सेकंद गायब. शिवाय रस्ता सरळ असतो, ग्राउंडवर वळणं असतात, वळणावर धक्काबुक्की असते, बाहेरून पळालं तर अंतर वाढतं. म्हणून या महिन्यात तीन-चार वेळा तरी तिला नागपूरला आण, मानकापूरच्या विभागीय क्रीडा संकुलात आण किंवा तुमच्या ओळखीत ४०० मीटरचा मोजलेला ट्रॅक जिथं असेल तिथं ने. तिथं २:५५ ऐवजी ३:०५ आले तर आत्ताच येऊ दे. ग्राउंडच्या दिवशी कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं, आणि अजून हातात वेळ आहे.

आता शरीराचं. उलटी, हात गार पडणं, घडीघडी लघवीला लागणं, छातीत धडधड, तोंड कोरडं. तिला वाटतं हे तिलाच होतं. सांग तिला की लाईनीत उभ्या असलेल्या प्रत्येकीला होतं, ज्या हसत हसत सेल्फीच्या गप्पा मारतात त्यांनाही. धोका दिसला की ॲड्रेनालिन सुटतं, हृदय जोरात चालतं, पोटाकडचं रक्त हातापायाच्या स्नायूंकडे वळतं, पोटाला रक्त कमी म्हणून मळमळतं. म्हणजे शरीर पळायच्याच तयारीला लागलंय. परीक्षा पेपरची असती तर हे सगळं त्रासाचं होतं, इथं तर पळायचंच आहे! यावर अभ्यासही झालाय. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली प्रयोग छापले, लोकांना गाणं म्हणायला, भाषण द्यायला, गणितं सोडवायला लावलं, आणि ज्यांनी आधी "मी शांत आहे" असं स्वतःला बजावलं त्यांच्यापेक्षा "मला जोश आलाय" म्हणणाऱ्यांनी काम चांगलं केलं. मला हे पटतं कारण ग्राउंडवर हेच दिसतं. धडधडणाऱ्या पोरीला "शांत हो" म्हटलं की ती शांत होत नाही, उलट शांत का होत नाही याचं एक नवीन टेन्शन घेते. "इंजिन गरम झालंय तुझं, आता पहिले २०० फक्त ब्रेकवर पाय ठेव" म्हटलं की तिला काहीतरी करायला मिळतं.

श्वासाचं एक सोपं आहे ते शिकव. नाकानं चार आकडे मोजेपर्यंत आत, तोंडानं सहा मोजेपर्यंत बाहेर. बाहेरचा श्वास लांबला की हृदयाचा वेग थोडा उतरतो. दोन-तीन मिनिटं पुरे. पण हे आजपासून रोज झोपताना करायचं, ग्राउंडच्या दिवशी पहिल्यांदा केलं तर काही होत नाही, उलट चक्कर आल्यासारखं वाटतं.

पळण्याच्या प्रॅक्टिसमध्ये फक्त एक बदल कर. आठवड्यातून दोनदा तिला २०० मीटर ४४ सेकंदात पळायला सांग, पण घड्याळ तुझ्या हातात, तिला दिसू द्यायचं नाही, आणि संपल्यावर तिनंच सांगायचं किती सेकंद झाले असतील. सुरुवातीला ती ३९ मध्ये येईल आणि ४५ म्हणेल. दोन आठवड्यांत अंदाज एक-दोन सेकंदांवर येतो, हे जवळजवळ सगळ्यांचं येतं. मग त्यात खोड घाल: अर्धा मिनिट जागेवर गुडघे उचलून जोरात पळायला लाव, धाप लागली, छाती उडायला लागली की लगेच शिट्टी मार आणि तेच ४४ सेकंद माग. छाती धडधडत असताना हळू सुटायचं, हेच तिला शिकायचं आहे. शेवटच्या आठवड्यात मेहनत वाढवू नको, निम्मी कर. ग्राउंड जवळ आलं की पोरं घाबरून डबल पळतात आणि थकलेल्या पायांनी जातात, नडगी दुखवून घेतात ते वेगळंच.

पण खरी मारणारी गोष्ट पळणं नाही, वाट बघणं आहे. भरतीचं ग्राउंड ज्यानं पाहिलं नाही त्याला वाटतं जाऊन पळायचं आणि यायचं. पहाटे अंधारात बोलावतात, गेटवर लाईन, हॉल तिकीट, कागदपत्रं, बायोमेट्रिक, उंची, चेस्ट नंबर, मग बसा. कुठं आधी गोळाफेक असते कुठं आधी १०० मीटर, तुमचा नंबर कधी येईल ते कोणी सांगत नाही. ते दोन-तीन-चार तास नुसतं मातीत बसून दुसऱ्यांना पळताना बघायचं, कोणी रडत येतंय, कोणी पडलंय, बाजूची म्हणते "माझी मैत्रीण २:४० मारते". पळायच्या आधीच पोरगी मनात दहा वेळा पळून दमलेली असते.

म्हणून मी वाट बघण्याची प्रॅक्टिस घेतो. मागे एक पोट्टी होती माझ्याकडे, कळमेश्वरकडची, पळायला एक नंबर, पण बसवलं की बुटाची लेस सोडायची, बांधायची, पुन्हा सोडायची. मॉकच्या, म्हणजे सराव परीक्षेच्या, दिवशी मी सगळ्यांना सकाळी साडेपाचला बोलावलं, पिनेनं छातीवर नंबर लावले, दुसऱ्या बॅचची अनोळखी पोरं मुद्दाम आणून बसवली, माझ्या एका मित्राला, जो खात्यातून रिटायर झालाय आणि ज्याचा आवाज ऐकूनच माणूस सरळ उभा राहतो, त्याला नंबर पुकारायला ठेवलं. हिचा नंबर तासभर घेतलाच नाही. मी लांबून बघत होतो, लेस सोड, लेस बांध, बोटं थरथरत होती. मी बाजूला जाऊन बसलो, भीतीबद्दल काहीच बोललो नाही. म्हटलं, "बेटा, सोडायची तेवढी सोड, पण नंबर पुकारला की एकच डबल गाठ मारायची, टोकं आत खोचायची आणि मग हात लावायचा नाही. गाठ बसली की तू निघाली." ती म्हणाली, "सर, आणि मग काय विचार करू?" म्हटलं, "४४." बस एवढंच. नंबर आला, तिनं गाठ मारली, उठली, लाईनवर गेली, आणि पहिल्या वळणावर सगळ्या पोरी पुढे गेल्या तरी ही आपली मागे, सातवी-आठवी. माझ्या रिटायर मित्राला वाटलं ही गेली कामातून. दुसऱ्या राऊंडला तिनं एकेकीला गाठलं. तिचा घोळ पळण्यात नव्हताच, बसण्यात होता.

तुझ्याकडे एवढा लवाजमा नसेल, पण गावातले चार पोरं-पोरी, एखादे मास्तर, एखादे काका यांना एका रविवारी पहाटे शाळेच्या मैदानावर जमव. नंबर लाव, तासभर बसव, मोबाईल काढून घे, मग पळव. एकदा नाही, दोनदा कर. आणि ग्राउंड बघून येणं हेही कर. तिनं नागपूर शहर पोलीस भरलं असेल तर पोलीस लाईन टाकळीच्या बाजूला एक चक्कर मारून ये, गेट कुठं, बायकांना लघवीची सोय कुठं, ऑटो कुठं सोडतो. हॉल तिकिटावर वेगळं ठिकाण असेल तर तिथं जा. बाहेरून का होईना, पाहिलेली जागा दुसऱ्यांदा तेवढी मोठी वाटत नाही.

मार्कांचा हिशोबही तिच्यासमोर मांड, कारण बऱ्याच पोरींना वाटतं ८०० मीटर गेलं की भरती गेली. मैदानी एकूण ५० मार्कांची, मुलींना ८०० मीटरचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. पूर्ण २० पाहिजेत तर २:५० च्या आत यावं लागतं, त्याच्यावर टप्प्याटप्प्यानं मार्क कमी होतात, एकदम शून्य होत नाहीत. म्हणजे पाच-दहा सेकंद इकडेतिकडे झाले तर दोन-चार मार्क जातात. तेवढे ती ४ किलोच्या गोळ्यात काढू शकते, सहा मीटर गेला की पूर्ण १५. गावातल्या पोरी गोळ्याची प्रॅक्टिस करतच नाहीत, सगळा जीव पळण्यात, आणि तिथंच फुकट मार्क सोडून येतात. ५० पैकी निम्मे तर पाहिजेतच, मग एका जागेमागे दहा जण या प्रमाणात लेखीला बोलावतात, तिथं १०० मार्कांचा पेपर बाकीच आहे. एका राऊंडवर आयुष्य लटकलेलं नाही हे तोंडानं सांगून पटत नाही, बेरीज करून दाखवलं की पटतं.

आदल्या दिवशीचं. कुहीहून पहाटे निघून वेळेवर पोचायचं धाडस करू नका, संध्याकाळीच नागपूरला या. कितीतरी पोरं रेल्वे स्टेशनवर नाहीतर फूटपाथवर चादर टाकून झोपतात, मुलीला घेऊन तसं करू नको, नातेवाईक शोध. फक्त त्या घरच्या मावशीला आधी सांगून ठेव की पाहुणचार नंतर. आमच्याकडे पाहुणा आला की सावजी रस्सा आणि सकाळी तर्रीपोहे, प्रेमानं करतात, पण ग्राउंडच्या सकाळी पोटात तर्री गेली तर ८०० मीटरला ती वर येते! जे गावात रोज पळायच्या आधी खाते तेच खाऊ दे. मळमळीमुळे खाववत नसेल तर दीड-दोन तास आधी एक केळं, घोट घोट पाणी, वाट बघताना थोडे खजूर नाहीतर गूळ-शेंगदाणे. नवे बूट, नवीन एनर्जी ड्रिंक, मित्रानं दिलेली गोळी, काही नाही. ताकदीचं म्हणून ग्राउंडच्या आसपास इंजेक्शन-गोळ्या फिरतात, त्यात पकडलं तर भरती हातची जातेच, शिवाय जिवाशी खेळ आहे.

झोप येणार नाही, हे तिला आधीच सांगून ठेव. "झोपली नाही तर उद्या पळता येणार नाही" या विचारानंच पोरी रात्रभर जागतात. एका रात्रीच्या कमी झोपेनं तीन मिनिटांचं पळणं फारसं बिघडत नाही, आठवडाभर जागली तर बिघडतं. म्हणून आधीचे पाच-सहा दिवस लवकर झोपू दे, आणि शेवटच्या रात्री नुसती डोळे मिटून पडली तरी चालेल असं सांग. गंमत म्हणजे असं सांगितलं की बऱ्याच जणींना झोप लागते.

एक गोष्ट तू विचारू शकणार नाहीस, आई किंवा वहिनीकडून विचारून घे. पाळीची तारीख ग्राउंडच्या आसपास येते का. पोरी हे कोणालाच सांगत नाहीत आणि एकट्याच त्या टेन्शनमध्ये असतात. पाळीत पळता येतं, खूप पोरी पळतात, फक्त सॅनिटरी पॅड, जास्तीची पँट, एक-दोन वेळा त्या दिवसांत प्रॅक्टिस करून बघणं एवढी तयारी पाहिजे. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून परस्पर आणू नका, घ्यायच्याच असतील तर डॉक्टरला विचारून आणि ते पण बरंच आधी.

आणि तारीख पुढे जाऊ शकते याची तयारी ठेव. २०२४ मध्ये १९ जूनपासून ग्राउंड सुरू झाले आणि पावसानं कितीतरी ठिकाणी पुढे ढकलले, तयारीचा जोर एका तारखेवर बांधलेली पोरं तिथंच ढेपाळली.

आता घरचं. त्याबद्दल तू काही विचारलं नाहीस पण तुझ्या प्रश्नात एक वाक्य होतं की "यंदा नाही झालं तर घरचे लग्नाचं बघतील". भाऊ, तिची उलटी ८०० मीटरची कमी आणि या वाक्याची जास्त आहे. वय २२ आहे, खुल्या वर्गाला २८ पर्यंत आणि मागास प्रवर्गाला ३३ पर्यंत भरती देता येते, म्हणजे घाई भरतीला नाही, घरच्यांना आहे. तुला तिची खरंच मदत करायची असेल तर तिच्याशी बोलण्याआधी बाबांशी बोल. ग्राउंड होईपर्यंत घरात लग्न, शेजारच्या काकांची पोरगी लागली, क्लासची फी किती गेली, हे विषय बंद. निदान महिनाभर. हे जमलं तर मी वर लिहिलेलं निम्मं नाही केलं तरी चालेल. आणि जेवण असंच सुटलेलं राहिलं, वजन उतरायला लागलं, रडू थांबत नसेल, तर ते कोचचं काम नाही, सरळ डॉक्टरला दाखवा, मेडिकल हॉस्पिटलला म्हणजे आपल्या जीएमसीला मानसोपचार विभाग आहे, सरकारी आहे, लाजायचं काही कारण नाही.

शेवटी विचारलंस की ग्राउंडला सोबत जाऊ का. जा, पण गेटपर्यंत. आत तसंही सोडत नाहीत. गेटवर लांबलचक भाषण देऊ नको, "बाबा वाट बघत आहेत" तर अजिबात नको. पाण्याची बाटली दे, हॉल तिकीट आणि आयडी तिच्याच हातात आहे का बघ, "४४" म्हण आणि बाजूला हो. मोबाईल तुझ्याकडे ठेव. बाहेर आली की "किती आलं" विचारू नको, आधी खायला दे, कारण कदाचित ८०० झालं असेल आणि गोळा बाकी असेल, किंवा जेवायला सोडून परत बोलावलं असेल. टायमिंग तिचं तीच सांगेल. आणि मॉक घेतल्यावर तिचे चारही २०० चे आकडे इथं टाक, मग शेवटच्या दोन आठवड्यांचं काय करायचं ते त्यावरून सांगतो.